नाइट, त्याचा घोडा आणि त्याचा शब्द

प्रश्न असा आहे: ‘मध्ययुगातले नाइट खरोखरच दुबळ्यांचं आणि स्त्रियांचं रक्षण करायचे, की शिव्हलरी ही नंतरच्या कवींनी मारलेली थाप? शक्य असेल तर एका वाक्यात सांगा.’

एका वाक्यात सांगतो. रक्षण करायचे, पण कोणाचं करायचं हे तेच ठरवायचे. आता त्या ‘कोणाचं’विषयी थोडं ऐसपैस बोलू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मी पदवीच्या वर्गांना अठ्ठावीस वर्षं मध्ययुगीन युरोप शिकवला. दर वर्षी उत्तरपत्रिकांत एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘शिव्हलरी म्हणजे स्त्रीदाक्षिण्य.’ त्याला मी अर्धा मार्क द्यायचो. अर्धा अशासाठी की शब्दकोशात तसं छापलेलं आहे, बिचाऱ्या पोरांचा काय दोष? आणि उरलेला अर्धा कापायचो, कारण मूळ शब्दात बाई कुठेच नाही, घोडा आहे. फ्रेंचमध्ये घोड्याला शव्हाल म्हणतात, स्वाराला शव्हालिए, आणि त्या स्वारांची जमात, त्यांचं कसब, त्यांची रीत म्हणजे शव्हालरी. जर्मन ‘रिटर’ म्हणजे स्वारच. स्पॅनिश ‘काबायेरो’ही घोड्यावरूनच आला. एकटा इंग्रजी ‘नाइट’ वेगळ्या वाटेने आला, तो जुन्या इंग्रजीतल्या पोऱ्या, चाकर अशा अर्थाच्या शब्दातून.

शिलेदार आणि बारगीर यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला नाइट अर्धा कळलेलाच असतो. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येणार, बारगिराला ते सरकारातून मिळणार. नाइट व्हायचं तर आधी ही शिलेदारी परवडायला हवी. लढाईचा घोडा वेगळा, प्रवासाचा वेगळा, सामानाचं तट्टू वेगळं. वर चिलखत, शिरस्त्राण, भाले, मोतद्दार. तुलना मात्र इथेच सोडून द्या, पुढे ती फसवते.

माणूस समोर असला की विषय लवकर उलगडतो, म्हणून विल्यम मार्शल या इंग्रज नाइटला बोलावतो. जन्म साधारण 1147 चा, मृत्यू 1219 चा. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याच्या मुलाने त्याचं चरित्र पद्यात लिहवून घेतलं, जुन्या फ्रेंचमध्ये, 19,214 ओळींचं. पुढे ते विस्मरणात गेलं. 1861 मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाच्या नजरेला पडलं, दुसऱ्याच कोणीतरी विकत घेतलं आणि पुन्हा गडप झालं. मेयरला ते परत सापडायला वीस वर्षं लागली. चरित्र मुलाने लिहवून घेतलेलं, तेव्हा कौतुकाला तोटा नाही. पण नवल असं की कौतुक करता करता ते पैशाचा हिशोबही देतं, आणि त्यात लिहिणाऱ्याला काही वावगं वाटत नाही.

मार्शल पाच-सहा वर्षांचा असताना इंग्लंडात यादवी चालली होती. 1152 मध्ये राजा स्टीफनने त्याच्या बापाच्या न्यूबरीच्या गढीला वेढा घातला. बापाने तहाची मुदत मागितली, त्या बदल्यात हे पोर ओलीस ठेवलं, आणि त्याच मुदतीत गढीत दाणागोटा आणि माणसं भरून घेतली. राजाने निरोप धाडला, पोराला फाशी देतो. बापाचं उत्तर चरित्रात आहे: खुशाल द्या, याहून चांगली पोरं घडवायला माझ्याकडे ऐरण आहे आणि हातोडाही आहे. स्टीफनच्याने ते झालं नाही. चरित्रातलं पुढचं चित्र असं की राजा तंबूत बसून त्या पोराबरोबर रानातल्या झाडपाल्याचे दांडे घेऊन लुटुपुटूची लढाई खेळतो आहे.

शिव्हलरीत शब्दाला किती किंमत होती हे बघायला आपण निघालो आणि पहिल्याच गोष्टीत बापाने शब्द मोडला. हरकत नाही, असंच असतं. नियम किती पाळला गेला हे मोडणाऱ्यांकडे बघूनच कळतं.

धाकट्या मुलाला वारसा नाही. मार्शलला नॉर्मंडीतल्या तांकारव्हिलच्या सरदाराकडे, आईच्या नात्यातल्या माणसाकडे, शिकायला धाडलं. विशीच्या आसपास तो नाइट झाला आणि लगेच द्रँकूरच्या गल्ल्यांत लढाईला उभा राहिला. लढला झोकात, पण त्याचा घोडा मेला. रात्री जेवणाच्या पंगतीत एसेक्सचा अर्ल विल्यम द मँडेव्हिल त्याला हसत म्हणाला, ‘मार्शल, मला काहीतरी भेट दे की. एखादी दुमची दे, नाहीतर जुना पट्टा दे.’ दुमची म्हणजे खोगिराचा, घोड्याच्या शेपटीखालून जाणारा पट्टा. मार्शल भाबडेपणाने म्हणाला, माझ्याकडे दुमची कुठली? अर्ल म्हणाला, आज तर तुझ्या हाताला चाळीस-साठ लागायला हव्या होत्या. सगळी पंगत हसली. विनोद असा की पोरगं दिवसभर शौर्य गाजवत राहिलं आणि पाडलेल्या माणसांचे घोडे, खोगिरं गोळा करायचं विसरलं. पंगतीत बसलेल्यांपैकी कोणीही त्याला ‘शाब्बास, निःस्वार्थी आहेस’ असं म्हटलं नाही. धंदा न कळणारा उमेदवार म्हणून ते त्याला हसले.

त्यानंतर त्याच्यावर खरंच पाळी आली. नाइट होताना मिळालेला अंगरखा त्याने 22 सूंना (सू हे तिथलं नाणं) विकला आणि त्या पैशांत एक तट्टू घेतलं. हा अंगरखा लक्षात ठेवा.

मग टूर्नामेंट. सिनेमात दिसते तशी कुंपण घातलेली, समोरासमोर भाला रोखून दोघांनी धावून येण्याची ही झुंज नव्हे, ती पद्धत नंतर रुळली. बाराव्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन गावांच्या मधल्या मुलखात शेकडो स्वारांनी दोन फळ्या करून एकमेकांवर घातलेली धाड. शेतं, द्राक्षमळे, गावाच्या गल्ल्या, सगळं मैदानच. मारायचं नाही, पकडायचं. पकडलेला माणूस घोडा आणि चिलखत तरी देणार नाहीतर सुटकेची रक्कम तरी. पहिल्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये मार्शल सकाळी धन्याने दिलेल्या एका द्वाड घोड्यावर गेला आणि संध्याकाळी साडेचार घोड्यांचा मालक होऊन परतला. अर्धा म्हणजे भागीदारीतला. हे ‘साडेचार’ वर्गात सांगितलं की शेवटच्या बाकावरचे जागे व्हायचे.

पुढे त्याने रॉजर द गोजी नावाच्या दुसऱ्या नाइटशी रीतसर भागीदारी केली. कमाई निम्मी-निम्मी. एका कारकुनाने ठेवलेल्या नोंदीनुसार दहाएक महिन्यांत दोघांनी मिळून 103 नाइट पकडले, आणि त्यात घोडे आणि सामान धरलेलं नव्हतं. धर्मसभेचा या प्रकाराला कडक विरोध होता. 1130 ला क्लेरमाँच्या सभेत बंदी घातली गेली, 1139 ला पुन्हा, आणि टूर्नामेंटमध्ये मेलेल्याला ख्रिस्ती दफनही मिळणार नाही असं ठरलं. ती बंदी 1316 मध्ये पोपने उठवली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत टूर्नामेंट थांबल्या का? इंग्लंडच्या रिचर्डने तर 1194 मध्ये पाच जागा नेमून दिल्या आणि परवान्याचे दर लावले: अर्लला 20 मार्क (हे मार्क पैशांचे, परीक्षेतले नव्हेत), त्याखालच्या बॅरनला 10, जमीन असलेल्या नाइटला 4, बिनजमिनीच्याला 2.

प्लर गावच्या टूर्नामेंटची गोष्ट माझी लाडकी आहे. दिवस संपला. कोणा एका सरदारकन्येने एक भलामोठा पाइक मासा बक्षीस म्हणून पाठवला होता. तो मोठमोठ्या सरदारांच्या हातून ‘मला नको, त्यांना द्या’ असं करत फिरला आणि शेवटी सगळ्यांनी ठरवलं की आजचा मानकरी मार्शल. शोधायला गेले तर मार्शल लोहाराकडे. गुडघ्यावर बसलेला, डोकं ऐरणीवर, आणि लोहार हातोडा, पक्कड घेऊन त्याचं शिरस्त्राण डोक्यावरून सोडवतोय. दिवसभराच्या घावांनी ते असं चेपलं होतं की निघेना. मानाचा मासा घेऊन आलेले दोन नाइट दारात उभे, आणि आतून ठणठण आवाज. शौर्याबद्दल चारशे श्लोक वाचण्यापेक्षा हे दृश्य मला जास्त सांगतं.

कड्यांचं चिलखत मी एकदा अंगात घालून पाहिलं आहे. बारा किलोच्या आसपास वजन. पहिल्या पाच मिनिटांत खांद्यांना रग लागते. मग कमरेला पट्टा आवळला की निम्मा भार कुल्ल्यांवर उतरतो आणि माणूस बऱ्यापैकी हिंडू शकतो. ‘नाइटला क्रेनने घोड्यावर चढवायचे’ ही मात्र शुद्ध थाप. पुढच्या काळातलं पत्र्याचं पूर्ण चिलखत वीस-पंचवीस किलोचं, पण अंगभर वाटलेलं. फ्रान्सचा सेनानी बूसिको ते घालून कोलांटी मारायचा, असं त्याच्या चरित्रात आहे.

आता मुख्य मुद्दा. चिलखत असल्यामुळे माणूस सहजी मरत नव्हता, आणि जिवंत माणसाची किंमत येत होती. 1119 मध्ये ब्रेम्यूलला इंग्लंड आणि फ्रान्सचे राजे समोरासमोर लढले. त्याच काळातला इतिहासकार ऑर्डरिक व्हायटॅलिस लिहितो की सुमारे नऊशे नाइट लढले आणि मेले फक्त तीन. पकडले गेले एकशे चाळीस. कारणंही तोच देतो: अंगभर लोखंड होतं, देवाची भीती होती, बंधुभाव होता, आणि मारण्यापेक्षा पकडण्याकडे कल होता. बंधुभाव हा शब्द खोटा नाही. पण तो घोड्यावर बसणाऱ्यांचा घोड्यावर बसणाऱ्यांशी.

या व्यवहाराचा गाडा शब्दावर चालायचा. रणात पकडलेल्या प्रत्येकाला बांधून ठेवायला दोर कुठून आणणार? तो उजव्या हाताचा मोजा काढून देणार, ‘तुझा कैदी झालो’ म्हणणार, आणि पुष्कळदा त्याला घरी जाऊन पैसे गोळा करायला सोडून दिलं जाणार. परत आला नाही तर? पुढच्या शतकांत धन्याला हक्कच होता की बुडव्याचं कुलचिन्ह उलटं टांगून चारचौघांत दाखवावं. ज्याचं चिन्ह उलटं टांगलं गेलं त्याला पुढच्या वेळी कोण सोडणार? कोण जिवंत पकडणार? अब्रू हा इथे अलंकार नव्हता, पत होती. सावकारीत असते तशी पत.

याचं टोकाचं उदाहरण फ्रान्सचा राजा दुसरा जाँ. 19 सप्टेंबर 1356 ला प्वातिएच्या लढाईत तो इंग्रजांच्या हाती सापडला. त्या रात्री विजयी इंग्रज युवराजाने स्वतः उभं राहून त्याला जेवण वाढलं, असं फ्र्वासार हा बखरकार सांगतो. पुढे तहात सुटकेची रक्कम ठरली तीस लाख सोन्याचे एक्यू. पैसे भरायला राजाला 1360 मध्ये सोडलं, त्याच्या बदल्यात राजाचा मुलगा लुई धरून बरेच बडे लोक ओलीस राहिले. 1363 मध्ये लुई पळाला. तेव्हा जाँ आपणहून लंडनला परत गेला आणि एप्रिल 1364 मध्ये तिथेच वारला. शब्द पाळणं म्हणजे काय हे सांगताना मी हेच उदाहरण द्यायचो आणि वर्ग गप्प व्हायचा.

गप्प झालेल्या वर्गाला मग मी विचारायचो, तीस लाख कोणाच्या खिशातून? त्या वसुलीसाठी मिठावर, दारूवर, विकल्या जाणाऱ्या मालावर कर बसला. सुटकेच्या निमित्ताने डिसेंबर 1360 मध्ये नवं सोन्याचं नाणं पाडलं, त्यावर घोडा फेकत जाणारा चिलखती राजा. नाणं फ्रँक. युरो येईपर्यंत फ्रान्सच्या चलनाला जे नाव होतं, ते इथून आलं. राजाने शब्द पाळला, आणि तो पाळण्याचे हप्ते मीठ विकत घेणाऱ्यांनी भरले.

मूळ प्रश्नाचं सगळ्यात सडेतोड उत्तर मात्र मो नावाच्या गावी मिळतं. राजा कैदेत असताना, 1358 मध्ये, पॅरिसच्या आसपासचे शेतकरी उठले. आमचं रक्षण करायचं म्हणून कर घेता आणि रणातून पळता किंवा पकडले जाता, असा त्यांचा राग होता. त्यांनी गढ्या जाळल्या, माणसंही मारली. मोच्या बाजारकोटात राजपुत्राची बायको आणि बऱ्याच सरदारस्त्रिया अडकल्या. त्याच वेळी प्रशियातल्या धर्मयुद्धावरून दोन नाइट परतत होते: फ्वाचा काउंट गास्तों फेब्यूस आणि गास्कनीचा काप्ताल द ब्यूश. काप्ताल इंग्रजांच्या बाजूचा, दोनच वर्षांपूर्वी प्वातिएला फ्रेंचांविरुद्ध लढलेला. तरीही ‘स्त्रिया संकटात आहेत’ हे ऐकताच दोघेही थोड्याशा स्वारांनिशी तिकडे धावले. 9 जूनला पुलावरून बाहेर पडून त्यांनी शेतकऱ्यांना कापत नेलं आणि नंतर गाव पेटवून दिलं. फ्र्वासार सात हजार मेले म्हणतो, तो आकडा फुगवलेला आहे, पण कत्तल खरी. त्याच्या लेखी ही शिव्हलरीची झळझळीत कामगिरी होती. आणि तिच्या व्याख्येनुसार होतीच. शत्रुपक्षाचा नाइट शत्रुपक्षाच्या स्त्रियांसाठी जीव धोक्यात घालतो, याहून मोठं स्त्रीदाक्षिण्य कोणतं? पेटलेल्या गावात बायका नव्हत्या का, हा प्रश्न त्याला पडत नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस नावाच्या पाद्र्याने प्रेमाच्या रीतीभातींवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. सरदारस्त्रीशी कसं बोलावं यावर पानंच्या पानं. आणि शेतकऱ्याच्या बाईवर मन गेलं तर? थोडीशी जबरदस्ती करायला मागेपुढे पाहू नका. हा सगळा उपरोध आहे असं मानणारे अभ्यासक आहेत. असेलही. पण उपरोधसुद्धा ओळखीच्या गोष्टीवरच चालतो. मार्शलची स्वतःची बायको इझाबेल द क्लेअर ही सतरा-अठराची, राजाच्या पालकत्वातली वारसदार. 1189 मध्ये ती राजाने त्याला दिली. तो बेचाळीसच्या पुढचा. तिच्याबरोबर वेल्समधल्या आणि आयर्लंडमधल्या जहागिरी आल्या आणि अंगरखा विकणारा माणूस देशातल्या बड्या धनाढ्यांत जाऊन बसला. मात्र हेही सांगायला हवं की 1207 मध्ये आयर्लंड सोडताना त्याने गरोदर इझाबेलचा हात धरून सरदारांना बजावलं, तुमची खरी मालकीण ही आहे, मी इथे आहे तो हिच्यामुळे. वारसा तिचा आहे हे चारचौघांत उघड बोलणारा नवरा त्या काळात काय, आजही जमीन नावावर करायची वेळ आली की शोधावा लागतो.

‘मग धर्माने काहीच केलं नाही का?’ असं कोणीतरी विचारतंच. केलं. आणि ते फार वाचनीय आहे. 1023 च्या सुमारास बोव्हेच्या बिशपने स्वारांना घालायची शपथ तयार केली. तिचा आशय असा: मी बैल, गाय, डुक्कर, मेंढी, गाढव पळवणार नाही. शेतकऱ्याला, त्याच्या बाईला किंवा व्यापाऱ्याला पकडून पैसे उकळणार नाही. गिरणी मोडणार नाही. नवरा बरोबर नसताना प्रवास करणाऱ्या कुलीन स्त्रियांवर हल्ला करणार नाही. चरायला सोडलेली खेचरं आणि घोडे मार्चपासून हिवाळा लागेपर्यंत नेणार नाही. शेवटचं कलम पुन्हा वाचा. थंडीत न्यायला मोकळीक. शपथेतली प्रत्येक ओळ ही त्या माणसांच्या रोजच्या उद्योगाची नोंद आहे, हे एकदा लक्षात आलं की आदर्शांची भाषा कुठून आली ते कळतं. हत्यारबंद, मस्तवाल स्वारांच्या टोळ्यांना वेसण घालायला ती घडवली गेली. त्यातलं काही मुरलं, काही वरवर राहिलं.

विधी म्हणाल तर देखणे. जुन्या फ्रेंचमधल्या एका कवितेत मुस्लिम सुलतान सलाउद्दीनच्या कैदेत सापडलेला ह्यू हा नाइट त्याला दीक्षेचा विधी करून दाखवतो. आधी आंघोळ, पापं धुवायला. तांबडा झगा, रक्त सांडण्याची तयारी म्हणून. पायांत काळे मोजे, मातीतून आलास, मातीत जाशील याची आठवण. पांढरा पट्टा, घोड्याला टाच मारायचे सोन्याचे काटे, दुधारी तलवार. शेवटची मानेवरची थाप मात्र ह्यू मारत नाही. कैद्याने धन्यावर हात कसा उचलायचा? आणि एवढा धर्म सांगून झाला तरी सुटकेच्या रकमेचा विषय कवितेत आहेच, एक लाख बेझंट. तेराव्या शतकात तर खर्चाला भिऊन लोक नाइट व्हायचंच टाळू लागले, आणि 1224 पासून इंग्लंडचा तिसरा हेन्री ऐपत असलेल्यांना ‘नाइट व्हा नाहीतर दंड भरा’ म्हणू लागला. आदर्श सक्तीने लादायची वेळ आली ती अशी, वसुलीखात्याकडून.

चर्चने संन्यासी नाइटही घडवले, टेम्प्लर वगैरे. त्यांचा संघ 1312 मध्ये मोडला गेला. पोर्तुगालच्या राजाने त्यांच्या मालमत्तेवर 1319 मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ ही नाइटांची नवी संघटना उभी केली, आणि तिचाच तांबडा क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर चढून आपल्या किनाऱ्याला लागला. गोवा घेणारा आल्बुकेर्क स्वतः सांतियागोच्या ऑर्डरचा नाइट होता. मध्ययुगीन शिव्हलरी आपल्याकडे आली ती ही, आणि ती इथल्या लोकांना कोणत्या बाजूने दिसली हे गोंयकारांना मी सांगायला नको.

हे सगळं वाचून ‘म्हणजे ढोंगच’ असं म्हणाल तर मात्र थांबा. ढोंगासाठी माणूस मरत नाही. त्याच जाँ राजाने ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ काढली होती. तिच्या सभासदांची शपथ होती की लढाईत अमुक अंतरापलीकडे माघार घ्यायची नाही. 1352 मध्ये ब्रिटनीत मोरोंला त्या शपथेपायी कितीतरी जण जागेवरून हलले नाहीत आणि तिथेच मेले. जॉफ्र्वा द शार्नी या नाइटने शिव्हलरीवर पुस्तकच लिहिलं. प्वातिएला फ्रान्सचं पवित्र निशाण त्याच्या हातात होतं, आणि ते हातात असतानाच तो पडला. हीच माणसं ढोरं पळवत होती, आणि हीच माणसं शब्दासाठी मरत होती. दोन्ही गोष्टी एकाच चिलखतात मावत होत्या.

करार कोसळायचा तो समोरचा माणूस करारात नसला की. 11 जुलै 1302 ला कोर्त्रेला फ्लेमिश शहरांतल्या विणकर-कसायांच्या पायदळाने फ्रेंच नाइटांची फळी ओढ्यानाल्यांत अडवली. त्यांना हुकूम होता, कैदी घ्यायचे नाहीत. सेनापती आर्त्वाचा रोबेर मारला गेला. मेलेल्यांच्या टाचांचे पाचशेच्या आसपास सोनेरी काटे गोळा करून गावच्या चर्चमध्ये टांगले. 1415 ला अ‍ॅजिनकोर्टला तर इंग्लंडच्या राजा पाचव्या हेन्रीनेच शरण आलेले कैदी मारायचा हुकूम दिला. नाइट कचरले, दयेने म्हणा की बुडणाऱ्या पैशांमुळे म्हणा, तेव्हा ते काम दोनशे तिरंदाजांना सांगितलं गेलं.

आपल्या डोक्यातला गुलाबी नाइट या कोणाहीपेक्षा एकोणिसाव्या शतकाचा जास्त आहे. 1839 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनच्या अर्लने जुन्या थाटाची टूर्नामेंट भरवली, प्रचंड गर्दी लोटली, आणि धो धो पाऊस आला. चिलखत घातलेले उमराव चिखलात, आणि टूर्नामेंटचा राजा म्हणून मिरवणाऱ्या मार्क्विसच्या हातात छत्री. त्याच काळात पदवीही घोड्यावरून उतरली होती. 1842 मध्ये मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय नाइट झाले, आणि 1911 मध्ये ‘नाइट कमांडर’ झाले आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृतच्या पोथ्यांखेरीज त्यांनी कशावर धाड घातल्याचं ऐकिवात नाही.

मार्शलकडे परत जातो. 1217 च्या मे महिन्यात, सत्तरीला टेकलेला, नऊ-दहा वर्षांच्या राजाचा कारभारी म्हणून तो लिंकनच्या लढाईत उतरला. घाईत शिरस्त्राण घालायचंच विसरला, कोणीतरी आठवण केली. विजय दणदणीत झाला. विरुद्ध बाजूचा पर्शचा काउंट शिरस्त्राणाच्या फटीतून भोसकला जाऊन मेला तेव्हा दोन्हीकडचे हळहळले, कारण त्याला मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं. त्याच दिवशी लिंकन शहर लुटलं गेलं. बायका पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन होड्यांत चढल्या, होड्या उलटल्या आणि त्या बुडाल्या. हळहळ काउंटच्या वाट्याला आली. लुटीला विजेत्यांनी नाव ठेवलं ‘लिंकनची जत्रा’.

दोन वर्षांनी तो कॅव्हरशॅमच्या घरी मरणाला टेकला. तीस वर्षांपूर्वी जेरुसलेमहून आणलेलं रेशमी वस्त्र आपल्या देहावर घालायला काढून ठेवलं. टेम्प्लरांची दीक्षा घेतली. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याची म्हणून दाखवतात ती दगडी आकृती मी पाहिली आहे. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात छत जळून कोसळलं तेव्हा तिचीही नासधूस झाली, चेहरा झिजल्यासारखा दिसतो, पण ढाल अजून हातात आहे.

अखेरच्या दिवसांत कोणीतरी त्याला म्हणालं, लुबाडलेलं परत केल्याशिवाय मोक्ष नाही, असं धर्मगुरू सांगतात. मार्शल म्हणाला, पाचशे नाइट पकडले मी, त्यांचे घोडे, हत्यारं, सामान ठेवून घेतलं. त्यापायी स्वर्ग बंद होत असेल तर माझा इलाज नाही, परत काय काय करू? मग त्याच्या एका कारकुनाने सुचवलं, कोठीत फर लावलेले छान अंगरखे पडून आहेत, ते विकून आत्म्याच्या शांतीसाठी दान करू. म्हातारा उसळला. गप्प बस, म्हणाला, पेंटेकॉस्टचा सण आला, माझ्या नाइटांना नवे अंगरखे मिळायची वेळ झाली, आणि माझ्या हातून हे शेवटचेच. वाटून टाका सगळे. कमी पडले तर लंडनहून मागवा.